गॅदरिंगमधला 'झिंगालाला' आणि चौथ्या रांगेतला मुलगा : चेष्टा कुठं संपते?

मलप्रभाकाठ

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी शिकवते. गेल्या वर्षी आमच्या गॅदरिंगमध्ये पाचवीच्या मुलांचा 'आदिवासी डान्स' होता. तुम्ही सगळ्यांनी तो कुठं ना कुठं पाहिला असणार. खोबरेल तेलात काजळ कालवून तोंडाला, हातापायांना फासलेलं, ओठांभोवती पांढरा रंग, कमरेला आंब्याचे टहाळे, हातात थर्माकोलचे भाले आणि 'झिंगालाला हू'. मधेच एक पोरगा हाड चघळत येतो आणि प्रेक्षकांवर धावून जातो. मांडवात शिट्ट्या, पालकांचे मोबाईल वर. दर वर्षी वन्स मोअर मिळवणारा आयटम.

चौथ्या रांगेत आमचा सातवीतला एक मुलगा बसला होता. सिद्दी घरातला, म्हणजे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. आमच्याकडं अशी तीन मुलं आहेत. तो सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अरे ह्याला वर चढवा की, ह्याचा रंगाचा खर्च वाचतोय!" सगळा मांडव हसला. मीही हसले. हे मला आधी सांगायचं आहे, कारण बाकीचं त्याच्यानंतर येतं.

मी त्याच्या बाजूलाच उभी होते. त्याच्या हातात शेंगदाण्याच्या पुडीचा रिकामा कागद होता. तो कागद तो दुमडत होता. दुमडला, परत दुमडला, परत. तोंडानं हसणं चालूच. नाच संपेपर्यंत कागदाची तांदळाच्या दाण्याएवढी गोळी झाली होती. नंतर तीन दिवस तो शाळेला आला नाही. आला त्या दिवसापासून वर्गानं त्याचं नाव 'झिंगा' ठेवलं. आणि तो त्या नावाला ओ देतो.

मला त्रास याचा होतो की चेष्टा कशी लागते हे आपल्याला, सीमाभागातल्या माणसांना, कोणी शिकवायला नको. पुण्याला मावशीकडं गेले की माझ्या 'की'ला आणि 'बघ'ला अजून हसतात, "तुम्ही कानडीच की हो" म्हणतात. इकडं ट्रेनिंगला गेलं की माझ्या कन्नडला हसतात. दोन्हीकडून खाल्लंय. तरी त्या दिवशी मला काही दिसलं नाही.

चेष्टा कधी माणसं जोडते आणि कधी एखाद्याला उंबऱ्याबाहेर उभं करते? आणि कातडीच्या रंगावरची चेष्टा ही नुसती चेष्टाच असते का?

शहापूरकर

बाई, तुमची तळमळ समजते, पण पाचवीची पोरं ती. त्यांना वंशवाद म्हणजे काय हे ठाऊक तरी आहे का? चेष्टेशिवाय आपल्या गावात राहणंच शक्य नाही. माझं साड्यांचं दुकान आहे, भागीदार कन्नड. तीस वर्षं झाली. एक नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात गेलं म्हणून, आमच्याकडं काळा दिवस, सायकल फेरी. त्यांच्याकडं राज्य स्थापनेचा राज्योत्सव, मिरवणूक. त्या दिवशी आम्ही एकमेकांना फोन करत नाही. दोन तारखेला सकाळी शटर उघडताना तो म्हणतो, "काय ओ, आज बेळगाव कुणाचं?" मी म्हणतो, "ज्याची उधारी जास्त त्याचं." हसतो आणि चहा मागवतो. ते एक वाक्य नसतं तर आमचं दुकान कधीच फुटलं असतं. प्रत्येक विनोद तराजूत घालायला लागलो तर माणसं बोलायचीच बंद होतील.

वाचनमात्र

शहापूरकर, तुमचंच उदाहरण घेऊन बोलतो. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो, त्यामुळे जरा लांबेल.

रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञानं १९४० मध्ये 'चेष्टेच्या नात्यां'वर लिहिलं. जिथं जवळीकही आहे आणि भांडणाची शक्यताही आहे, अशा नात्यांत समाज चेष्टेची मुभा देतो आणि ती मनाला लावून घ्यायची नाही असा नियमही घालतो. आपल्या लग्नातली कानपिळी आठवा. नवरीचा भाऊ भर मांडवात नवरदेवाचा कान पिळतो. एरवी जावयाच्या अंगाला हात लावायची कोणाची टाप नसते. पण त्या घटकेला पिळायचा, नवरदेवानं हसायचं आणि कानपिळ्याला मानपान द्यायचा. विहिणी एकमेकींना उखाण्यांतून टोचतात, तेही तसंच. ताण आहे हे दोन्ही घरांना ठाऊक असतं, म्हणून तो चेष्टेच्या वाटेनं काढून टाकायचा.

पण यात एक अट आहे. चेष्टेची परतफेड करता आली पाहिजे. आज तुमची पाळी, उद्या माझी. तुमच्या भागीदाराचं आणि तुमचं जमतं ते यामुळं. दोघांच्या नावावर दुकान आहे, दोघांच्या मागे माणसं आहेत. चौथ्या रांगेतल्या त्या मुलानं मागं वळून ओरडणाऱ्याला तेवढाच लागट विनोद केला असता तर मांडव हसला असता का? मला वाटतं, "लई शहाणा झालास" असंच ऐकायला मिळालं असतं.

मराठीनं या बाबतीत मोठी सोय करून ठेवली आहे. थट्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, खिल्ली, कुचेष्टा, हेटाळणी. थट्टेत दोघं हसतात. टिंगलीत एक हसतो. हेटाळणीत कोणी हसलं नाही तरी चालतं. आपण या सगळ्यावर 'विनोद' अशी एकच पाटी लावतो आणि मग "विनोद कळत नाही का?" असं विचारतो.

काजळ फासण्याबद्दल. हाच खेळ अमेरिकेतही चालला आहे. १८३० च्या आसपास थॉमस राइस नावाचा गोरा नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून एका काळ्या माणसाची नक्कल करायचा. त्या पात्राचं नाव जिम क्रो. खेळ तुफान चालला, त्याची नक्कल करणाऱ्या कंपन्या निघाल्या, गोऱ्या प्रेक्षकांच्या पिढ्या त्याला हसल्या. आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्यांसाठी वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळे नळ करणारे कायदे केले, तेव्हा त्या कायद्यांना लोक 'जिम क्रो'च म्हणू लागले. हे कायदे मोडीत निघायला १९६४-६५ साल उजाडलं. नाटकातल्या काजळीनं कायदे केले असं मी म्हणत नाही. पण ज्याला पन्नास वर्षं माकडचेष्टा करताना पाहिलंय, त्याला वेगळ्या डब्यात बसवताना कोणाचा हात अडखळत नाही.

निपाणीकर

आमच्या क्रिकेट टीममध्ये प्रत्येकाला टोपणनाव आहे, त्यात एक 'काळ्या' आहेच. डॅरेन सॅमी आठवतो का? वेस्ट इंडीजला दोनदा, २०१२ आणि २०१६ ला, टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देणारा कप्तान. आयपीएल खेळताना त्याला इथं 'कालू' म्हणायचे. त्याला वाटायचं, याचा अर्थ दणकट घोडा. तोही त्या नावावर हसायचा. २०२० च्या जूनमध्ये त्याला खरा अर्थ कळला आणि त्यानं जाहीरपणे विचारलं. मी तेव्हा पहिल्यांदा आमच्या 'काळ्या'चा विचार केला. पंधरा वर्षं आम्ही एकत्र खेळतोय. त्याला कधी विचारलंच नव्हतं.

अनगोळ

वंशवाद हा शब्द आपल्याला परका वाटतो, म्हणून आपण सुटतो. 'हबशासारखा खातो' हे आपल्या घरातलंच बोलणं आहे ना? जातींवरचे विनोदही त्याच चुलीवर शिजतात. कोण चिक्कू, कोण बुद्दू, कोण घाणेरडा हे पोराला पुस्तकाच्या आधी विनोदातून कळतं.

आणि चेष्टा चेष्टेवरच थांबेल याची खात्री काय? २०१४ च्या जानेवारीत अरुणाचलचा निडो तानिया हा विद्यार्थी दिल्लीत लाजपतनगरला एका दुकानात पत्ता विचारायला गेला. त्याच्या रंगवलेल्या केसांवरून, दिसण्यावरून तिथं टवाळी झाली. तो चिडला, मारामारी झाली, दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर सरकारनं ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांसाठी बेझबरुआ समिती नेमली. मस्करीची कुस्करी म्हणतात ती हीच.

शहापूरकर

अनगोळ, कुठलं कुठं नेताय. खून करणारे विनोदामुळे खून करत नाहीत, आधीच तसे असतात. क्रिस्टी डेव्हिस नावाच्या अभ्यासकानं जगभरचे असले विनोद गोळा केले. त्याचं म्हणणं, विनोद हा थर्मामीटर आहे. ताप किती ते दाखवतो, ताप चढवत नाही. थर्मामीटर फोडून ताप उतरतो का? सरदारजींवरच्या विनोदांवर बंदी आणा म्हणून लोक सुप्रीम कोर्टात गेले होते. कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं, लोकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही.

वाचनमात्र

डेव्हिसचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. बंदी मलाही नको आहे. पण थर्मामीटरवर दुसरंही एक काम झालं आहे. थॉमस फोर्ड हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना कमी लेखणारे विनोद घेऊन प्रयोग केले. ज्यांच्या मनात आधीच आकस होता, ते पुरुष असले विनोद ऐकल्यावर बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला कमी पैसे द्यायला तयार झाले. ज्यांच्या मनात आकस नव्हता, त्यांच्यावर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे विनोदानं आकस पेरला नाही, पण जो होता त्याला 'इथं चालतं' असा परवाना दिला. तुमच्या थर्मामीटरच्या भाषेत सांगायचं तर ताप तोच, फक्त अंगावरचं पांघरूण गेलं.

मागून ओरडणारा माणूस एरवी त्या मुलाच्या तोंडावर हे बोलला असता का? नाच चालू होता, सगळे हसत होते, म्हणून बोलला.

हल्याळचा

इथं वाचत असतो, लिहीत नाही. आज लिहितो. मी सिद्दी. हल्याळ तालुक्यातला, नोकरीला बेळगावात. घरी कोंकणी, ऑफिसात कन्नड, बायको खानापूरकडची म्हणून मराठी.

आमची माणसं पूर्व आफ्रिकेतून आली, बरीचशी पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेली. पळून घाटात शिरली, ती तिथंच राहिली. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला, इकडं खानापूर, तिकडं कलघटगी. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. उत्तर कन्नडमधल्या आमच्या लोकांना अनुसूचित जमातीचा दाखला २००३ ला मिळाला, बेळगाव-धारवाडच्या लोकांना २०२० ला. त्याच वर्षी शांताराम सिद्दी विधान परिषदेत गेले, आमच्यातले पहिले आमदार. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबर निजामशाही चालवत होता, खडकी शहर वसवत होता, ते सगळे अभिमानानं सांगतात. बसमध्ये शेजारी मात्र कोणी बसत नाही.

विनोद आम्हीही करतो. गाडीत बसलो की समोरचा हिंदीत विचारतो, "कौनसा कंट्री?" मी म्हणतो, हल्याळ. तो विचारतो, "ये आफ्रिका में कहाँ आया?" मी म्हणतो, अळणावरला उतरायचं, पुढं बस मिळते. सगळा डबा हसतो. तो माणूसही हसतो, लाजतो आणि मग आमचं बोलणं सुरू होतं. घरी हे किस्से सांगून आम्ही पोट धरून हसतो. आईचा याच्याहून भारी किस्सा आहे, पण तो मराठीत येत नाही.

बाई, तो मुलगा मोठ्यानं का हसला ते सांगतो. मीही हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं हसलं की लोकांची नजर लवकर दुसरीकडं जाते. गप्प बसलं तर "राग आला वाटतं" म्हणून आणखी पाच मिनिटं आपल्यावरच. आणि 'झिंगा'ला तो ओ देतो म्हणजे नाव पसंत आहे असं नसतं. ओ दिली नाही तर खेळायला घेत नाहीत.

गॅदरिंग संपल्यावर तुमच्या पोरांनी नळावर जाऊन तोंड धुतलं असेल. एवढंच माझं म्हणणं.

आणि एक विनंती. आता वाईट वाटलं म्हणून पुढच्या वर्षी त्याला धमाम, म्हणजे आमचा ढोल, देऊन स्टेजवर नाचवू नका. धमाम आमचा आहे, आम्ही आमच्या घरी वाजवतो. पण शाळेत सिद्दी पोराच्या वाट्याला दोनच कामं येतात, पळणं आणि नाचणं. १९८७ मध्ये सरकारनं आमची पोरं निवडून खेळाच्या ट्रेनिंगला नेली, चांगलं झालं. पण तेव्हापासून प्रत्येक मास्तर आमच्या पोराला पाहिलं की आधी पायाकडं बघतो.

निपाणीकर

दादा, ते तोंड धुण्याचं वाक्य डोक्यातून जात नाही.

वाचनमात्र

हल्याळच्या दादांचा गाडीतला किस्सा आणि गॅदरिंगमधलं ओरडणं, दोन्हींचा विषय रंगच. फरक इतकाच की गाडीत गोष्ट सांगण्याची दोरी त्यांच्या हातात आहे.

पण ती दोरीही सुटते. अमेरिकेत डेव्ह शपेल हा काळा विनोदकार वंशवादाचीच टर उडवणारा कार्यक्रम करायचा. २००५ मध्ये पाच कोटी डॉलरचा करार सोडून तो निघून गेला. काळ्या रंगानं तोंड रंगवलेल्या एका पात्राचा प्रवेश चित्रित होत असताना सेटवरचा एक गोरा माणूस असा काही हसला, की शपेलला वाटलं, हा माझ्याबरोबर हसत नाही, मला हसतोय. शब्द त्याचेच, प्रवेश त्याचाच. हसणाऱ्याच्या मनात काय आहे ते मात्र त्याच्या हातात नव्हतं.

आपल्याकडं याच्या उलट टोकाचा विनोद आहे. तुकोबांच्या अभंगातली कानडी बायको आणि मराठी नवरा. ती 'इल बा' म्हणून जवळ बोलावते आणि हा पळत सुटतो. सीमाभागात कोणालाही हसू येईल. पण त्यात कानडी माणूस खुळा नाही आणि मराठी माणूसही खुळा नाही. दोघांच्या मधे जे अडलंय, त्याला आपण हसतो.

शहापूरकर

मी माझा मुद्दा सोडलेला नाही. चेष्टेवर पहारा बसवू नये, हे मी उद्याही म्हणणार. पण काल रात्री थोरल्या बहिणीची आठवण आली म्हणून लिहितो. तिला घरात सगळे 'तवी' म्हणायचे. लाडानं. आजोबांनीच ठेवलेलं नाव. काल जुना अल्बम काढला. एकाही फोटोत ती पुढं नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यामागं अर्धा चेहरा. एका फोटोत तर नुसती वेणी दिसते. आज ती साठीची आहे, धारवाडला असते. तिला फोन केला, पण विचारायला जमलं नाही. पावसापाण्याचं बोललो.

अनगोळ

पुढच्या खेपेला विचारा. माझ्या आत्यानं सत्तरीत सांगितलं होतं, तेही कोणी विचारलं म्हणून.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. मधे गप्प होते कारण शाळेत थोडं काही चाललं होतं, ते झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं.

हल्याळच्या दादांचं वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलाला व्हरांड्यात बोलावलं. म्हटलं, त्या दिवशी मी हसले, माझं चुकलं. तो म्हणाला, "होऊ दे बाई." मग पायानं फरशी खरवडत उभा राहिला. मी विचारलं, तुला गॅदरिंगमध्ये काही करायचंय का, तुझ्या मनानं? धमामाचं नाव काढलं नाही. तो म्हणाला, "नकला."

शुक्रवारी शेवटच्या तासाला त्यानं वर्गात करून दाखवल्या. पहिली माझी. चष्मा कपाळावर, पदर खोचलेला, एका हातानं फळा पुसत दुसऱ्या हातानं मागं न बघता बोट दाखवायचं आणि "शांऽऽत बसा की रे". हुबेहूब. मी फळा पुसताना बोट दाखवते हे मला माहीतच नव्हतं. मग हेडमास्तरांची चाल. मग बसचा कंडक्टर, पावशेर कन्नड आणि पावशेर मराठी. वर्ग बाकांवर आडवा झाला होता. शेवटी त्यानं त्या नाचात हाड चघळत आलेल्या पोराची नक्कल केली. काजळ नाही, पानं नाहीत. नाच सुरू व्हायच्या आधी विंगेत उभा राहून तो पोरगा आईला शोधत होता, तेवढंच. वर्ग हसला. तो पोरगा आता सहावीत आहे, तो खिडकीतून बघत होता. तोही हसला, मग लाल झाला आणि म्हणाला, "परत कर की."

सगळं सुरळीत झालं असं नाही. 'झिंगा' अजून दोघं म्हणतात. मी ऐकलं की टोकते, मी नसताना काय होतं देव जाणे. नकलांचा कार्यक्रम त्याच्या नावानं यादीत लिहिलाय. 'आदिवासी डान्स' मात्र यादीवरून अजून गेलेला नाही. काही पालकांना तो हवा आहे, कपडे गेल्या वर्षीचे तयार आहेत म्हणतात. शनिवारी त्यावर मीटिंग आहे. हल्याळचे दादा, तुमचं ते तोंड धुण्याचं वाक्य तिथं सांगितलं तर चालेल का? तुम्ही कोण ते सांगणार नाही.

हल्याळचा

सांगा बाई. सिद्दी माणसानं सांगितलं म्हणूनच सांगा. आणि गॅदरिंगची तारीख कळवा, नकला बघायला येतो.